बटणावरचं बोट

दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना दाराची घंटी तिसऱ्यांदा वाजली. गोपाळकृष्ण आगटे आरामखुर्चीत चष्मा पुसत बसले होते. या खेपेला उठायचं नाही, असं त्यांनी दुसऱ्या खेपेलाच ठरवलं होतं. तरी त्यांचे पाय खुर्चीखालच्या चपला चाचपू लागले, आणि आपल्याच पायांचा त्यांना संताप आला. एकतीस वर्षं रेल्वे कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत साहेबाच्या टेबलावरची पितळी घंटी टण्ण झाली की हे पाय असेच आपसूक उठत आले होते. म्हणून तर पेन्शनीत निघून लोणावळ्याला हे तीन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा त्यांनी मुद्दाम मुंबईला लोहार चाळीच्या बाजारात जाऊन विजेची घंटी आणली होती. चिनीमातीचं पांढरंशुभ्र बटण, भोवती पितळेचं कडं, आतल्या फळीवर बॅटऱ्या. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे असली घंटी नव्हती. इतरांच्या फाटकात लोक "कोन हाय का घरात?" म्हणून गुरं हाकल्यासारखे ओरडत. आता दुसऱ्यांनी बटण दाबायचं आणि आपण मनात आलं तर सावकाश उठायचं, असा त्यांचा बेत. पण बटण दाबायला माणूसच येत नव्हतं. भाऊबंद तळेगावात, ते येत नसत. पेन्शनीत गेलेल्या हेडक्लार्ककडे कचेरीतला कोण कशाला येतो? पोस्टमनसुद्धा पत्रं फाटकाच्या पेटीत टाकून जाई. चार वर्षांत त्या बटणाला हौसेनं कोणी बोट लावलं असेल, तर ते पोरांनी.

आणि पोरं तरी कसली! समोरच्या बंगल्यातल्या सॉलिसिटर नाबरांची तीन नातवंडं. मुंबईत शाळांना गोवराची साथ म्हणून सुट्टी, आणि म्हणून ही पीडा श्रावणात इथे, धुक्यात सोडलेली. पायांत रबरी बूट, अंगात पिवळे रेनकोट, तोंडात अर्धं इंग्रजी. त्यांच्या आजोबांनी जन्मभर लोकांच्या भांडणावर बंगले बांधले. नातवंडं दुसऱ्यांच्या झोपेवर खेळ मांडणार नाहीत तर काय करतील? आगट्यांना नाबर आवडत नसत. गल्लीतलं कोणीच आवडत नसे. हवा खायला येणारे शेठ आणि त्यांना हवा विकणारे इथले लोक, दोन्ही त्यांच्या लेखी सारखेच. मे महिन्यात बंगल्यांना रंग आणि पावसात शेवाळ, माणसांचंही तसंच. त्यांनी नाबरांना सभ्य भाषेत चिठ्ठी लिहिली होती की माझ्या पत्नीस दम्याचा विकार आहे, अचानक घंटी वाजल्याने तिचा श्वास कोंडतो, तरी मुलांस समज द्यावी. उत्तर आलं नाही. आलं असतं तर आगट्यांना वाईट वाटलं असतं, कारण मग तिरस्कार करायला इतकी सुबक जागा उरली नसती. इंदिराबाईंचा श्वास मात्र खरोखरच कोंडत असे. घंटी वाजली की त्या अंथरुणात उठून बसायच्या, छातीवर हात धरून, आणि पुढची पंधरा मिनिटं त्यांच्या खोलीतून करवतीसारखा आवाज यायचा. तो आत्ताही येत होता.

ते चपला न घालता उठले. दिवाणखान्यातून दारापर्यंत अनवाणी आले आणि दाराच्या आड उभे राहिले. कडी त्यांनी अगोदरच हलकेच काढून ठेवली. बाहेर पत्र्यावर पाऊस भुरभुरत होता. धुकं दाराच्या फटीतून आत येत होतं, ओल्या घोंगडीच्या वासाचं. भिंतीपलीकडे कुजबूज, दाबलेलं हसू. साठाव्या वर्षी आपण दारामागे श्वास रोखून उभे आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि कधी नव्हे ती एक गंमत त्यांच्या पोटातून वर आली. ती गंमत त्यांना ओळखता आली नाही. तिला त्यांनी शिस्त म्हटलं. घंटी वाजली. त्यांनी दार ओढलं आणि धुक्यात हात घालून जे हाताला लागलं ते धरलं.

मनगट होतं. ओलं, काडीसारखं. पिवळे रेनकोट फाटकातून पसार झाले होते, बुटांचे पचपच आवाज विरत गेले. हातात राहिली होती ती नाबरांची नात नव्हती. आठ-नऊ वर्षांची एक काळी किडकिडीत मुलगी, डोक्यावर गोणपाटाची खोळ, आणि गंमत म्हणजे तिचं दुसऱ्या हाताचं बोट अजून बटणावरच होतं. घंटी आत किरकिरत होती आणि ती तो आवाज कान देऊन ऐकत होती. पळायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही त्या आवाजापुढे ती विसरली असावी.

"बोट काढ!" आगटे ओरडले. तिनं काढलं.

"नाव काय तुझं?"

ती पकडलेल्या हाताकडे बघत राहिली. तिला घाबरताही येत नव्हतं, तेवढीही अक्कल नव्हती. नाबरांची कार्टी असती, तर तिला धरून बंगल्यावर नेता आलं असतं, सॉलिसिटरच्या तोंडावर चार वाक्यं टाकता आली असती. ती वाक्यं महिनाभर तयार होती. हिला कुठे न्यायचं? हिच्या बापाला ती वाक्यं कळली तरी असती का? आगट्यांना फसवल्यासारखं झालं. त्या तिघांनी आपल्या जागी ही सोडून दिली होती, शेपटी टाकून पाल पळते तशी. त्यांनी तिला पडवीच्या कडेनं ओढत नेलं, पडवीला लागून जळणाची खोली होती तिचं दार उघडलं, आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "दहा मिनिटं," ते फळ्यांच्या दाराला म्हणाले. "मग माफी मागायची आणि जायचं."

मग ते येऊन खुर्चीत बसले, आणि चष्मा डोळ्यांवर ठेवून घड्याळाकडे पाहू लागले. त्यांना रडणं अपेक्षित होतं. थोडं रडणं, थोडं दार बडवणं, मग "न्हाई करनार" असं काहीतरी; म्हणजे त्यांना उठून, दार उघडून, भारदस्तपणे सोडून देता आलं असतं. पण खोलीतून काहीच येत नव्हतं. चांगलं वागवलेलं कळत नाही आणि शिक्षा केलेलीही कळत नाही, अशी जात ही. सहा मिनिटं झाली. आठ झाली. दहा मिनिटांनी त्यांनी ठरवलं की माफीचा आवाज आल्याशिवाय उठायचं नाही. वीस मिनिटांनी त्यांना आपला मुलगा, बाळ, आठवला. आठवायला नको होता, पण कोंडलेल्या दाराची शांतता एकच असते, ती गिरगावातल्या चाळीत असो की इथे. बाळ तेव्हा सात वर्षांचा होता. शेजारच्या बिऱ्हाडाची कडी वाजवून पळाला म्हणून आगट्यांनी त्याला कोळशाच्या खोपटात घातलं होतं. तेव्हाही दहाच मिनिटं म्हटलं होतं. तेवढ्यात कचेरीतले वरिष्ठ अचानक भेटायला आले. चहा झाला, पोहे झाले, बदल्यांच्या गप्पा झाल्या, आणि पोर विसरलं गेलं. इंदिराबाई स्वयंपाकघरातून दोनदा दारापर्यंत आल्या होत्या, आणि पाहुण्यांसमोर आगट्यांनी डोळ्यांनीच त्यांना परत पाठवलं होतं. दीड तासानं दार उघडलं तेव्हा बाळ रडत नव्हता. त्याची चड्डी ओली झाली होती. तो बाहेर आला, त्यानं मोरीतून फडकं आणलं आणि आपण केलेली घाण आपण पुसली. एवढंच. पोरगं सुधारलं, असं आगटे त्यानंतर कित्येक वर्षं म्हणत. आता तो नागपूरला होता, पत्रं आईला लिहीत असे, आणि त्या पत्रांत शेवटी "ती. बाबांस सा. न." एवढा मजकूर वडलांच्या वाट्याला यायचा. नेभळट. आईच्या पदराखाली वाढलेली मुलं अशीच निघायची. पण हे मनात म्हणताना त्यांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. सोडून देऊ, असं त्यांनी ठरवलं. माफी नको. ते उठले, आणि तेवढ्यात घंटी वाजली.

ही वेगळी वाजली. थोडीशी, घाबरत घाबरत, जणू चटका बसेल म्हणून बोट मागे घेतलं होतं. आगट्यांनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि दार उघडलं. पायरीखाली पावसात एक बाई उभी होती. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल. त्यांना ती ओळखीची वाटली. गल्लीच्या टोकाला रेल्वेच्या लाइनीवर काम करणाऱ्या मारुतीची झोपडी होती, त्याची बायको रतनबाई. नाबरांकडे भांडी घासायची.

"सायेब," ती म्हणाली, "माजी पोर हिकडं आली का? धोंडी. डोक्यावर गोनपाट हाय."

"नाही," आगटे म्हणाले.

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्यांना तो ऐकूही आला नव्हता. कंपनीत त्यांचं काम नुकसानीचे अर्ज तपासण्याचं होतं. फुटलेल्या बरण्या, भिजलेला गूळ, मालगाडीच्या वाघिणीतून गहाळ झालेली पोती. लोक टोपी हातात घेऊन टेबलापुढे यायचे आणि आगटे मान वर न करता म्हणायचे, नाही. दारावर आलेल्या कोणालाही ते हेच म्हणत. ती त्यांची सवय होती, श्वास घ्यावा तशी. आता मान वर करून "थांबा" म्हणायचं होतं, बस्स. पण बाईनं त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं, आणि त्यांनाही ती काठी दिसली, आपले अनवाणी पाय दिसले, आणि हे सगळं हिला समजावून सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल ते दिसलं. हिला. भांडी घासणारीला.

"दोन पोरं गेल्यावर जगलेली हाय वो ती," रतनबाई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "म्हनून धोंडी नाव ठिवलं. वड्याला लय पानी आलंय." आणि ती वळून धुक्यात गेलीसुद्धा. फाटक उघडंच राहिलं. आगटे त्या फाटकाकडे बघत उभे राहिले. अजूनही हाक मारता येत होती. मग ती टप्प्याबाहेर गेली, आणि त्यांना चक्क हायसं वाटलं.

आता घाई करायला हवी होती. ते पडवीतून गेले आणि कडी काढून दार किलकिलं केलं. मुलगी जळणाच्या ढलप्यांवर मांडी घालून बसली होती. अंधारात डोळे तेवढे दिसत होते.

"ऊठ. चल, मागच्या बाजूनं जा. कुंपणाला भगदाड आहे तिथून. आणि कोणाला काही बोलायचं नाही, समजलं?"

ती हलली नाही.

"तुमी आयला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

पडवीची भिंत आणि ही फळ्यांची खोली यांत अंतर होतंच किती! आगट्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "ऐकू येत होतं तर हाक का नाही मारलीस मग?"

"मला वाटलं तुमी सांगताय."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. मोठं माणूस आहे, विचारलं की सांगणार, एवढी साधी गोष्ट. आगट्यांना एकदम कोणीतरी नागडं केल्यासारखं झालं. ते घरात गेले, डब्यातून बेसनाचा लाडू काढला, आणि तो तळहातावर धरून परत आले. घोड्याला गूळ दाखवावा तसा त्यांनी तो पुढे केला. "घे. आणि जा आता शहाण्यासारखी."

"मी मागनं न्हाई जायची. मी काय चोर हाय?" धोंडी म्हणाली. "आयला बोलवा. तिला सांगा मला कुटं ठिवलं व्हतं."

साठ वर्षांचा माणूस लाडू हातात घेऊन उभा आणि नऊ वर्षांची पोर लाकडांवर बसून त्याला अटी घालते आहे! नीच पोर. हट्टी, घाणेरडी, उर्मट. जेवढे शब्द त्यांना येत होते तेवढे त्यांनी मनात तिच्यावर फेकले, आणि एकही तिला लागला नाही. गल्लीतून माणसांचे आवाज येऊ लागले. "धोंडेsss!" कोणीतरी पुरुष ओरडत होता, आणि त्यावर रतनबाईचा फाटलेला आवाज. "वड्याकडं बगा! साकवाकडं!" आवाज फाटकापाशी आले. दार असं उघडं, आत पोर, आपण असे. आगट्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी पुन्हा कडी घातली. पोर आतून ओरडली नाही; आईला त्यांनीच बोलवायचं, ही तिची अट होती.

पहिल्यांदा कोंडली ती रागानं, शिस्तीनं, काय म्हणाल त्यानं. या दुसऱ्या कडीला नाव नव्हतं. हे त्यांना तिथे, कडीवर हात असतानाच कळलं. आणि तरी त्यांनी ती काढली नाही. आवाज ओढ्याकडे उतरले. श्रावणातला तो ओढा त्यांना ठाऊक होता. टुंगार्लीकडच्या डोंगरावरून येणारं तांबडं पाणी, खाली शेवाळलेले धोंडे, आणि धुक्यात पलीकडचा काठ दिसायचा नाही. तिथे माणसं एका पोरीला शोधत होती, आणि ती पोर आपल्या दाराआड कोरड्या लाकडांवर बसली आहे हे जगात एका माणसाला ठाऊक होतं. नाही, चौघांना. नाबरांच्या त्या तिघांनाही ठाऊक असणार. ती पोरं सांगतील, असं त्यांना एकदम वाटलं, आणि मग वाटलं, नाही सांगणार. त्यांनाही मार चुकवायचा असेल. पोरांवर विसंबून ते तिथेच उभे राहिले. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं. लाडू हातात चुरून गेला होता.

"कोण आहे आत?"

इंदिराबाई पडवीत आल्या होत्या. भिंत धरून, एकेका श्वासासाठी खांदे वर उचलत.

"कोणी नाही. तू आत जा. ओल आहे इथे."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या कडीकडे पाहत होत्या. मग त्या आल्या, त्यांना बाजूलाही केलं नाही, त्यांच्या हाताखालून आपला हात घातला आणि कडी काढली. धोंडी उठून बाहेर आली. या बाईबरोबर ती लगेच आली. इंदिराबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं, तिला घरातून, दिवाणखान्यातून नेलं आणि पुढच्या दारात उभं केलं. तेवढ्यानं त्यांना धाप लागली. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "हिला पोचवून या. तुम्हीच जा."

"मी चपला—"

"तसेच जा."

ते तसेच गेले. धोंडी पुढे, ते मागे. एकदा त्यांनी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनं आपला हात खोळीखाली घेतला. नाबरांच्या फाटकात तिघं पिवळ्या रेनकोटात ओळीनं उभी होती. कोणी हसत नव्हतं. सगळ्यात धाकटा मुलगा मुसमुसत होता आणि मोठी बहीण त्याच्या तोंडावर हात दाबून होती. आगट्यांची आणि तिची नजरानजर झाली. त्या मुलीनं त्यांच्याकडे आपलं माणूस ओळखावं तसं पाहिलं. वर्षानुवर्षं ज्यांना त्यांनी माणसांत मोजलं नव्हतं, त्यांच्याच ओळीत आपण चौथे आहोत, हे इतक्या सरळपणे त्यांना दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं.

ओढ्याच्या उतारावर आठ-दहा माणसं होती. रतनबाईनं पोर पाहिली आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. तिनं पोरीला कवटाळलं, तिचे हात-पाय चाचपले, आणि तिच्या मागे आगटे दिसले तशी ती चिखलात खाली वाकली आणि तिनं त्यांच्या अनवाणी पायांवर डोकं ठेवलं. "सायेब, देवावानी आलात. कुटं घावली?"

आगट्यांनी पाय मागे घेतले नाहीत.  माणसं त्यांच्याकडे आदरानं बघत होती. लोणावळ्यात आल्यापासून असं कोणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. तो एक क्षण त्यांनी गोड करून घेतला. पुढे कधी तो आठवला की त्यांना सगळ्यात जास्त शिसारी यायची ती त्या गोडीची.

"यांनीच कोंडलं व्हतं मला," धोंडी म्हणाली. "लाकडाच्या खोलीत. तू आलतीस तवा मी तितंच व्हते."

रतनबाई उठली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. "थोरामोठ्यांवर आळ घेतीस? सटवे! तुज्यापायी तुजा चुलता तितं पडलाय!" तेव्हा आगट्यांनी खाली पाहिलं. ओढ्याच्या काठाला नाबरांचा माळी दत्तोबा आणि आणखी दोघं एका माणसाला वर ओढत होते. मारुतीचा भाऊ गेणू. पाण्यात एक फडकं अडकलेलं दिसलं म्हणून तो धोंड्यांवरून उतरला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. तो ओरडत नव्हता; दातांत कांबळ्याचं टोक धरून तो पोरीकडे बघत होता आणि ती जिवंत आहे म्हणून त्याला बरं वाटत होतं, हे इतक्या दुरूनही कळत होतं.

रतनबाईचा हात पुन्हा वर गेला. पोरीनं तोंड चुकवलं नाही. ती आईकडे बघतच नव्हती, ती आगट्यांकडे बघत होती. या खेपेला वाट बघत नव्हती. हा माणूस काय करणार ते ठाऊक असल्यासारखी बघत होती.

"मारू नका तिला," आगटे म्हणाले. आवाज चिरका निघाला. "खरं सांगते आहे ती. घंटी वाजवली म्हणून मी कोंडलं. तुम्ही आलात तेव्हा ती आतच होती."

ते बोलले आणि थांबले. आता शिव्या येतील. कोणीतरी कॉलर धरेल, काठी उगारेल, चावडीवर चला म्हणेल. त्याची त्यांनी तयारी केली होती; तेवढी तरी देवाणघेवाण व्हावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. रतनबाईचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला आणि पोरीच्या डोक्यावर बसला. तिनं आगट्यांकडे पाहिलं. रागानं नव्हे. भांडं घासायला घ्यावं आणि त्याचा तळच गेलेला दिसावा, मग ते बाजूला ठेवून दुसरं घ्यावं, तसं.

"का वो?" ती एवढंच म्हणाली. उत्तरासाठी ती थांबली नाही. तिनं पोरीला उचलून कमरेवर घेतलं आणि दिराकडे वळली.

माणसंही वळली. कोणी त्यांना काही म्हणालं नाही. धोतराची झोळी बांधा, खांद्याखाली हात घाला, तळेगावच्या दवाखान्यात न्यायला इंजिनवाल्याला सांगा, लाइनीवर मारुतीला निरोप धाडा, अशी बोलणी चालू झाली, आणि त्या बोलण्यांत आगटे नव्हतेच. ते उताराच्या मधोमध उभे होते, पायांत चिखल, तळहाताला बेसन. आपणही हात लावावा, निदान कोणाची तरी छत्री धरावी, असं वाटून ते एक पाऊल पुढे झाले. झोळी उचलली गेली. गेणूचं तोंड पांढरं पडलं होतं, तो डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणत होता. चौघं खांद्यावर बांबू घेऊन पाय रोवत चढ चढू लागले.

"सरा," दत्तोबा मान वर न करता म्हणाला. "वाट सोडा."

आगटे कुंपणाच्या काट्यांत मागे सरकले, आणि झोळी त्यांच्या छातीला घासून पुढे गेली.